बोगनवेलीमागची फळी

मोरदऱ्याच्या तलावाकाठी एक लाकडी चर्च आहे आणि त्याच्या परवापरवापर्यंतच्या प्रत्येक फोटोत एक बोगनवेल आहे. लग्न कोणाचंही असो, नवरा-नवरी तिच्यापुढेच उभे राहायचे. रविवारी सुप्याच्या कंपन्यांमधली पोरंपोरी मोटारसायकली काढून यायची, चर्चमध्ये पाऊल टाकायची नाहीत, पण वेलीपुढे तोंडं वाकडी करून फोटो काढल्याशिवाय माघारी जायची नाहीत. गडद गुलाबी फुलांचा असा भार, की मागची भिंत दिसायचीच नाही.

भिंत दिसू नये म्हणूनच ती वेल लावली होती. हे एकट्या रतनबाई भिंगारदिवेला माहीत होतं, कारण लावली तिनेच.

रतनबाई या देवळाची किल्ली सांभाळते. इथली जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात, तेव्हा आपणही देऊळच म्हणू. साठी ओलांडलेली बाई, अंगाने काटक आणि तोंडाने फटकळ. पाळकसाहेब सुप्याहून मोटारसायकलवर येतात. त्यांचं प्रवचन लांबलं की रतनबाई मागच्या बाकावर बसून कमरेची किल्ली नुसती हलवते, आणि पाळकसाहेब लगेच ‘शेवटी एवढंच सांगतो’वर येतात. शेळ्या, कुत्री, उंडारणारी पोरं आणि देवाचे सेवक, सगळ्यांना ती एकाच आवाजात हाकते. कोणाला राग येत नाही. देवळासाठी तिने केलंय तेवढं कोणी केलेलं नाही, हे सगळ्यांना मान्य आहे, आणि नेमकं हेच कोणी बोलायला लागलं की ती झाडू घेऊन उठते.

आता हे देऊळ लाकडाचं का, ते सांगायला हवं, कारण पारनेरच्या या माळावर दगडाला काही तोटा नाही. खरं तर दगडच जास्त पिकतो. पणज्या-खापरपणज्यांच्या काळच्या मोठ्या दुष्काळात सरकारने काम काढलं आणि पोटासाठी माणसांनी हा तलाव खणला. गावकुसाबाहेरची माणसं त्यात सगळ्यांच्या पुढे. आणि तलाव भरल्यावर, ज्यांनी खणला त्यांनाच पाण्यासाठी वेगळा घाट नेमून दिला, तोही पार टोकाला, चिखलात. त्या घाटावरच ही माणसं ख्रिस्ती झाली आणि तिथेच त्यांना देऊळ हवं होतं. तलावावरचा साहेब म्हणाला, सरकारी जागेत पाया खणायचा नाही, दगड-चुना लावायचा नाही. ऊठ म्हटलं की उठता आलं पाहिजे. मग यांनी डोकं लढवलं. माती वाहायच्या गाड्यांच्या मोडक्या पेट्या, छावणीच्या पाडलेल्या शेडचे वासे, मिळेल ते लाकूड गोळा केलं, सपाट दगडांवर खांब उभे केले आणि त्यांना उभ्या फळ्या ठोकल्या. ऊठ म्हणायला साहेब काही परत आला नाही. साहेबाचं राज्य गेलं, तलावात गाळ भरला, देऊळ आपलं उभंच.

भिंतीसाठी तेव्हा प्रत्येक घराने एक फळी आणली होती. श्रीमंत कोणीच नव्हतं, त्यामुळे फळ्याही तशाच; कोणाची सागाची, कोणाची खोक्याची, कोणाची नुसती आंब्याची. फळी ज्या घराची, तिची काळजी त्या घराने घ्यायची. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी तेलाचा शनिवार असतो. करंजाच्या तेलात बिब्बा कढवून प्रत्येक घर आपापल्या फळीला आतून-बाहेरून तेल देतं. बिब्बा कातडीला धरतो, हात काळे पडतात, एखाद्याला फोडही येतात. ते हात कोणी घासून काढत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच काळ्या हातांत शिंदीच्या झावळ्या धरून मंडळी गात गात देवळात शिरते आणि पाळकसाहेब एकेकाचा काळा हात हातात घेऊन सलाम करतात. ज्याचा हात स्वच्छ, त्याला बायका दारातच गाठतात: “काय वो, फळी इकली का काय?”

या फळ्यांच्या आणखी दोन रीती आहेत. लेक सासरी निघाली की आपल्या घरच्या फळीवर हात ठेवून मगच गाडीत बसते. आणि ज्या घराच्या हेळसांडीने फळी पडली, त्या घराची भिंतीतली जागा जाते. तिथे दुसऱ्या घराची फळी लागते. ही दुसरी रीत कधी वापरायची वेळ आली होती, हे कोणालाच आठवत नाही.

भिंगारदिव्यांची फळी आंब्याची, तलावाकडच्या कोपऱ्यात, तेलावरच तगलेली. तिला खेटून घंटेचा बाभळीचा खांब. रतनबाईच्या सासऱ्यांनी मरताना वाटणी केली ती एवढीच की थोरल्या छगनला खांब आणि धाकट्या रंगनाथला फळी. दुसरं वाटायला होतं काय! छगन हा रतनबाईचा नवरा. लोकांच्या शेतात राबायचा आणि देवळाची घंटा वाजवायचा. उजव्या हाताने दोर ओढायचा आणि डावा तळवा खांबाला टेकवायचा. वर्षानुवर्षं टेकून टेकून खांबावर तेवढी जागा गुळगुळीत झाली होती. भांडण झालं की रतनबाई म्हणायची, “बायकूला कधी असा हात लावलाय का, खांबाला लावता तसा?” छगन हसायचा आणि परत घंटेकडे निघायचा.

रंगनाथ नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात लागला आणि बायको सुवार्ता, लेक मोनिका यांना घेऊन तिकडेच राहायला गेला. इथलं घर पावसात बसलं, ते बसलंच. गावात आता त्यांचं म्हणून काही उरलं असेल तर ती फळी. तसे सगळेच पांगले होते, कोणी सुप्याला, कोणी नगरला, कोणी पुण्याला. तेलाच्या शनिवारी यायला जमेना, तेव्हा फोन यायला लागले, “रतनबाई, आमच्या फळीला तेवढं तेल द्याल का?” ती शिव्या घालायची आणि द्यायची. हळूहळू निम्म्या भिंतीला तिचाच हात फिरायला लागला. झावळ्यांच्या रविवारी सगळ्यांत काळे हात तिचे असायचे आणि पाळकसाहेब ते जरा जास्तच वेळ धरून ठेवायचे.

छगन गेला तो अचानक. रविवारची घंटा वाजवून घरी आला, छाती धरून ओट्यावर बसला आणि पुन्हा उठला नाही. रंगनाथला लगेच फोन गेला. नागापूर काही परदेशात नाही. माती दुपारची होती, ती रतनबाईने संध्याकाळवर ढकलली. बांधावरून एसटीचा आवाज आला की ती दारात यायची. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, आता उजेड जाईल. रंगनाथ आला दुसऱ्या दिवशी. मान खाली घालून म्हणाला, “सुट्टी न्हाई मिळाली, वहिनी.”

मोनिकाच्या कॉलेजात नाव घालायला त्याने आदल्याच आठवड्यात सुट्टी काढली होती. सुवार्तेनेच फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. रतनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. चहा केला, पुढे ठेवला. फटकळ बाई गप्प बसली की घरच्यांनी घाबरावं. रंगनाथ मात्र चहा पिऊन सुटकेचा श्वास टाकून गेला.

पुढचा तेलाचा शनिवार आला. रतनबाई तेलाचा डबा आणि ब्रश घेऊन एकेक फळी करत कोपऱ्यापर्यंत आली. ब्रश डब्यात बुडवला आणि आंब्याच्या फळीपुढे तिचा हात थांबला. पोरीच्या कॉलेजाला सुट्टी मिळते, भावाच्या मातीला मिळत नाही. फळी ओलांडून तिने थेट छगनच्या खांबाला तेल दिलं, दोनदा दिलं. संध्याकाळी सुवार्तेचा फोन आला. “आक्का, आमच्या फळीला लावलं का वो?”

“लावलं बाई,” रतनबाई म्हणाली.

इतकंच झालं. तेवढ्यावर राहिलं असतं तर त्याला गोष्ट म्हणायचं कारण नव्हतं. माणसाला राग येतो, पुढल्या वर्षी जातो. रतनबाईचाही गेला होता, निदान पुष्कळसा. पण पुढल्या वर्षी पाहते तर काळ्याभोर भिंतीत ती एक फळी राखेसारखी उघडी पडलेली. आता तेल दिलं असतं तर डाग-डाग होऊन आणखीच डोळ्यांवर आलं असतं, आणि बायकांनी विचारलं असतं, अगं, हे असं कसं? फोनवर ‘लावलं’ म्हणून बसलेली बाई काय सांगणार? खरं सांगायला एक क्षण पुरला असता. त्याऐवजी आतून तिने गाण्याच्या पुस्तकांचं कपाट फळीपुढे सरकवलं, आणि बाहेरच्या बाजूसाठी सुप्याच्या बाजारात जाऊन बोगनवेलीचं रोप घेऊन आली.

बोगनवेलीला पाणी कमी घातलं तर फुलं धरतात, जास्त घातलं तर पानं, हे रोपवाल्याने बजावून सांगितलं होतं. रतनबाईला पानंच हवी होती. सकाळ-संध्याकाळ ती तलावातून कळशी भरून आणायची आणि वेलीच्या बुडाशी रिकामी करायची. वेल फोफावली. फळी झाकली, खांबाचा पायथा झाकला. फुलं यायची नव्हती तीही उन्हाळ्यात अशी काही आली, की सगळा गाव बघायला लोटला. नाताळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी ‘आपल्या भगिनी रतनबाई यांच्या प्रेमळ हातांसाठी’ देवाचे आभार मानले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. रतनबाईच्या ओठांना ते आमेन काही फुटेना.

त्यानंतर दरसाल तेलाच्या शनिवारी ती त्या वेलीपुढे यायची आणि मनाशी म्हणायची, या वेळी फांद्या बाजूला करू आणि देऊन टाकू तेल. दरसाल फोन यायचा, दरसाल ती ‘लावलं बाई’ म्हणायची. आता तर त्यात रागाचा कणही नव्हता. आता ती फक्त भीत होती.

गेल्या पावसाळ्यानंतर झाडताना तिला वेलीच्या बुडाशी फळीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली. वाळवी. तिने नखाने ती खरवडली, वर रॉकेल ओतलं आणि हात पदराला पुसले. चार दिवसांनी नळी पुन्हा उभी. पुन्हा खरवडली. मिस्त्रीला बोलवा म्हणून एक शब्द बोलायचा होता, पण मिस्त्री आला असता तर आधी वेल काढा म्हणाला असता. महिनोन्‌महिने ही बाई चोरून वाळवी पुसत राहिली. छगनच्या खांबाला आपण दरसाल दोन हात तेल देतो, त्याला काही होत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

या वर्षी झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या रविवारी तिने, छगनमागे तीच ओढत आली होती तो, घंटेचा दोर ओढला आणि खांब तिच्याकडे कलला. घंटेचा आवाज निघालाच नाही, नुसतं लाकूड करकरलं. बाहेर उभी असलेली माणसं धावली, चार जणांनी खांद्याचा टेका देऊन खांब धरला, घंटा उतरवून बाकाखाली ठेवली. रतनबाई तशीच दोर धरून उभी. दोराचं दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं.

सुप्याहून लालमहंमद मिस्त्रीला बोलावलं. त्याने खांबाच्या पायथ्याशी पटाशीसारखं किकरं खुपसलं, ते मुठीपर्यंत आत गेलं. मग वेलीकडे पाहून म्हणाला, “ही काढावी लागंल.”

लोकांनी एकच गलका केला. रतनबाईची वेल? तिने लेकरासारखी वाढवलेली? दुसरा काही इलाज नाही का? रतनबाई म्हणाली, “काढा.” बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवळासाठी बाईने काळजावर दगड ठेवला, असं त्या एकमेकींना सांगायला लागल्या.

वेल बुडापाशी तोडून बाजूला ओढली आणि मागची फळी उघडी पडली. लालमहंमदने तिच्यावर बोट दाबलं तर शिळ्या भाकरीसारखा तुकडा हातात आला. “हितनं शिरली वाळवी,” तो म्हणाला. “ह्या फळीला कैक सालं तेलाचं बोटबी लागलेलं न्हाई, आन्‌ बुडाला रोजचं पानी. हितनं मग शेजारच्या खांबात, आतून. खांबाला वरनं तेल हाय, पन वाळवी वरनं थोडीच येती? येलीचं बूडबी उपटून काढा मुळासकट.” तेवढं मात्र लोकांनी ऐकलं नाही. निदान मूळ तरी राहू द्या, म्हणाले, रतनबाईसाठी.

छगनच्या खांबावरची ती गुळगुळीत जागा अजून तशीच होती. रतनबाईने तिच्यावर हात ठेवला. आतून लाकूड भुसभुशीत, वरून नुसता पापुद्रा. नवऱ्याच्या मातीला दीर आला नाही म्हणून तिने राग धरला, आणि त्या रागाने नवऱ्याची एकुलती एक खूण खाल्ली. हे तिला तिथेच, सगळ्यांच्या देखत कळलं, आणि रडायचीही सोय नव्हती. रडली असती तर लोकांनी वेलीसाठी रडते म्हणून पाठीवर हात फिरवला असता.

मंडळीचा सेक्रेटरी हर्षल उजागरे. सुप्याच्या कंपनीत सुपरवायझर, शिस्तीचा माणूस, मनाचा वाईट नाही. त्याने रंगनाथला फोन केला. झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर बैठक आहे, फळीचा विषय आहे, यावं लागेल. रीत सगळ्यांना ठाऊक होती. आणि हेही ठाऊक होतं, की ईस्टरनंतर मोनिकाचं लग्न याच देवळात ठरलंय. नागापूरला हॉल मिळत असताना पोरीने हट्टाने मोरदरं मागितलं होतं. आपल्या फळीवर हात ठेवून निघायचं म्हणून. रतनबाईला तिनेच फोन करून विचारलं होतं, “मोठीआई, आपल्या फळीला वेल आहे ना पुढे? मग हात कसा लावायचा?” रतनबाईने तेव्हा ‘लावशील, लावशील’ म्हणून फोन ठेवला होता.

रविवारी लिंबाखाली बैठक बसली. सगळ्यांचे हात काळे. रंगनाथचे, सुवार्तेचे आणि मोनिकाचे तेवढे स्वच्छ. हर्षलने रीत वाचल्यासारखी सांगितली. भिंगारदिव्यांच्या धाकट्या घराची फळी हेळसांडीने पडली, नवी फळी कोणाच्या नावाने लावायची ते ठरवू.

रंगनाथ उभा राहिला. केस पांढरे झाले होते त्याचे. “मला काय बोलायचं न्हाई,” तो म्हणाला. “चूक आमची हाय. थोरल्या भावाच्या मातीला मी आलो न्हाई. त्या दिशी कंपनीतनं पळून येता आलं असतं, धाडस न्हाई झालं. त्याच्यामागं हितं यायला मला तोंड न्हवतं. वहिनीवर टाकलं. ती बिचारी दरसाल लावीत हुती, पन मानसानं स्वता आलं पायजे हुतं. फळी तुमी दुसऱ्याला द्या. फकस्त एक करा, पोरीचं लगीन हुईस्तवर थांबा.”

मोनिका खाली बघत चपलेने माती उकरत होती.

‘दरसाल लावीत हुती’ हे ऐकल्यावर मात्र रतनबाईला बसवेना. उठली ती ओरडतच उठली. “लावीत न्हवते मी! एकदाबी लावलं न्हाई. आमचं धनी गेलं तवापास्नं त्या फळीला मी हात लावला न्हाई. फोनवर लबाड बोलले. येल लावली ती फुलाला न्हाई, फळी झाकायला लावली. वाळवी दिसली तरी बोलले न्हाई. पानी मी घातलं, फळी मी खाल्ली, खांब मी खाल्ला. त्यांची जागा घेऊ नका. घ्यायची तर माझ्या कमरंची किल्ली घ्या.”

रतनबाई उभी राहून वाट बघत होती. कोणीतरी तोंडावर थुंकेल, कोणी रांडे म्हणेल, काहीही म्हणो, आता सुटका होईल.

म्हातारे शांतवनबाबा पटक्याच्या शेवाने डोळे पुसायला लागले. “बघा,” ते म्हणाले, “ह्याला म्हनत्यात थोरली जाऊ. धाकट्याची जागा जाऊ नये म्हनून समदं आपल्या अंगावर घेतलं.”

“अवो, खरं बोलतीय मी!” रतनबाई किंचाळली.

“बोला, बोला,” बाबा म्हणाले. “आमाला कळतंय.”

बायका तिला बिलगल्या. हर्षल पुन्हा उभा राहिला. रतनकाकू एवढं मन मोठं करत असतील तर मंडळीने रीत कशाला ताणायची, जागा रंगनाथकाकांकडेच राहू द्या, असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी हात वर केले, सगळे काळे. पाळकसाहेबांनी तर त्यावर प्रार्थनाच सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. रतनबाईचे तेवढे उघडे होते, आणि समोर आणखी दोन. सुवार्ता तिच्याकडे बघत होती.

दुपारी माणसं पांगल्यावर रतनबाई कोपऱ्यात येऊन बसली. भिंतीत फळीएवढी फट पडली होती आणि तिच्यातून तलाव दिसत होता, उन्हाने आटलेला. सुवार्ता मागून आली आणि शेजारी टेकली.

“आक्का, मला ठावं हुतं,” ती म्हणाली.

रतनबाईने मान वळवली.

“मागं नाताळाला मी आन्‌ मोनिका आलो तवा कागदाचा तारा बांधायला मी येलीत हात घातला हुता. फळीला टेकला. म्हटलं तेलाची फळी, तुकतुकीत लागंल. लागली खरबरीत, हात बाहेर काढला तर नुसती धूळ.”

“मंग तवाच का न्हाई बोललीस? माझ्या झिंज्या का न्हाई धरल्यास?”

“काय बोलू? आमी मातीला आलो न्हवतो. तुमचा राग फळीवर निघतोय, तर म्हटलं निघू द्या. जाईल तर फळी जाईल.” सुवार्तेने पदर तोंडाशी धरला. “भाऊजींचा खांब जाईल असं न्हाई वाटलं वो.”

“मलाबी न्हाई वाटलं,” रतनबाई म्हणाली. मग ती रडली, छगन गेला तेव्हा रडली नव्हती इतकी. सुवार्तेने तिला गप्प कर म्हटलं नाही. ती स्वतःही रडत होती.

लग्नाआधी लालमहंमदने नवी फळी बसवली आणि लिंबाचा नवा खांब उभा केला. पहिलं तेल द्यायची वेळ आली तेव्हा रतनबाईने ब्रश सुवार्तेच्या हातात दिला. “माझ्या हातानं नको.” सुवार्तेने तो अर्ध्या फळीपर्यंत फिरवला आणि परत तिच्याच हातात कोंबला. “बाहेरनं मी दिलं, आतनं तुमी द्या. आन्‌ फोनवर मी इचारणार न्हाई आता. मी येनार हाय.” मोनिका सासरी निघताना फळीवर हात ठेवायला गेली. तेल अजून पुरतं वाळलं नव्हतं. पांढऱ्या साडीवर डाग नको म्हणून तो काळा तळवा लांब धरून ती रतनबाईच्या पाया पडली, आणि रतनबाईने तो तसाच आपल्या दोन्ही हातांत घेतला.

जुन्या खांबाचा गुळगुळीत तुकडा रतनबाईच्या घरी ओट्याजवळ आहे. आल्या-गेल्याला मंडळीतली माणसं तिची गोष्ट सांगतात, बाईने जावेसाठी कसा दोष अंगावर घेतला ती. रतनबाई तिथे असली तर दर वेळी म्हणते, “न्हाई, मीच केलं हुतं.” ऐकणारा भारावून तिच्याकडे बघतो. तिने किल्ली परत करून पाहिली. हर्षलने ती हात जोडून पुन्हा तिच्या पदराला बांधली.

वेलीच्या राहिलेल्या बुडाला कोंब फुटतात. रतनबाई रोज सकाळी येऊन ते खुडते, मूळ खणून काढायला दोनदा कुदळही घेऊन आली, पण लोक कुदळ हातातून काढून घेतात. राहू द्या म्हणतात, तुमची आठवण आहे. परवा ती नेहमीपेक्षा लवकर आली. पाऊस नव्हता, दव नव्हतं, तलाव हातभर मागे सरकलेला. तरी नव्या फळीच्या पायथ्याशी, वेलीच्या मुळापाशी माती ओली होती. तिच्या मायेपोटी कोणीतरी गुपचूप पाणी घालत होतं.